आधी चुका, मग शिका!

हिरवं बटण दिसलं की बोट आपसूक तिकडे वळतं. ‘युजर इनयरफेस’ या खेळात नेमकं तेच भोवतं. पहिल्याच पडद्यावर भलंमोठं हिरवं गोल बटण, आणि त्यावर लिहिलंय ‘नो’! पुढे जायची वाट खालच्या साध्या ओळीत दडलेली. बेल्जियमच्या बागार स्टुडिओनं २०१९ मध्ये हा खेळ काढला. करायचं काय, तर फक्त एक फॉर्म भरायचा. पण पासवर्डच्या अटींत सिरिलिक लिपीतल्या अक्षराचाही उल्लेख, मदतीची खिडकी घालवायला जावं तर ती मुंगीच्या पावलांनी खाली सरकते, वर ‘लवकर करा’ म्हणून तगादा. माणूस अगदी रडकुंडीला येतो. रंगाचा अर्थ, वापरणाऱ्याची सवय, सुसंगती हे यूएक्स (वापरणाऱ्याचा अनुभव) डिझाइनचे धडे मात्र पक्के डोक्यात बसतात. शिकवण्यासाठी आव्हान रचायचं तर असंच रचावं: आधी हात चुकू द्यावा, नियम मागाहून सांगावा.

२०१७ मध्ये रेडिटवर प्रोग्रामर मंडळींची चढाओढ लागली होती. आवाज कमी-जास्त करायची सर्वांत वाईट सोय कोण बनवतो? एकानं चक्क गोफणीसारखा प्रकार केला. स्पीकरचं चित्र दाबून धरायचं, सोडलं की ठिपका उडणार, पट्टीवर पडेल तिथे आवाज! डिझाइनच्या वर्गात अशी चढाओढ हमखास चालते. ‘उत्तम डिझाइन करा’ म्हटलं की नवखी मुलं बिचकतात. ‘मुद्दाम वाईट करा’ म्हटलं की सुटतात. मग प्रत्येकाला विचारायचं, हे वाईट का? आलेली उत्तरं उलटी केली की तत्त्वांची यादी तयार.

पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये लोकांना दोन धातूच्या पट्ट्यांवर आळीपाळीनं टोचणी टेकवायला लावली. पट्टी जितकी अरुंद आणि जितकी दूर, तितका वेळ जास्त. हे कागदावरही जमतं. एका कागदावर दोन मोठी वर्तुळं जवळजवळ, दुसऱ्यावर दोन चिमुकली दूरदूर. वीस सेकंद पेन्सिलीनं टकटक करायचं आणि ठिपके मोजायचे. ‘पैसे भरा’चं बटण बारीक ठेवायचा मोह हे करून पाहिलेल्या मुलाला पुन्हा होणार नाही.

‘क्रेझी एट्स’ तर त्याहून सोपं: कागदाला घड्या घालून आठ चौकोन, आठ मिनिटं, आठ कल्पना. सुरुवातीच्या दोन-तीन सगळ्यांच्या सारख्याच निघतात. खरी गंमत पाचव्या चौकोनापासून. अक्षरांमधलं अंतर जुळवायला लावून गुण देणारा ‘कर्न टाइप’ हा खेळही नजर तयार करायला झकास.

आणि आपला तांब्या! चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानं १९५८ च्या ‘इंडिया रिपोर्ट’मध्ये लोट्याचं भरभरून कौतुक केलं आणि तो नव्यानं घडवायचा तर काय काय विचारावं लागेल, ते लिहून ठेवलं. पाणी किती मावावं? डोक्यावर न्यायचा की कमरेवर? भरलेला असताना तोल कसा राहील, रिकामा असताना कसा? दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येईल? यूएक्सच्या पहिल्या तासाला यापेक्षा चांगला गृहपाठ मला तरी माहीत नाही. याच अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

आता मराठीतलं आव्हान. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ कळफलकावर व्यंजनं वर्णमालेच्या क्रमानं मांडलेली आहेत. अक्षर दाबून धरलं की भोवती काना-मात्रांचं चक्र उघडतं. मोबाइलवर कधीच मराठी न लिहिलेल्या एखाद्या आजींना एकदा हा आणि एकदा फोनमधला नेहमीचा कळफलक द्या. शब्द सांगा ‘ज्ञानेश्वर’. अट एकच: आजी कितीही अडखळल्या तरी शेजारून ‘अहो, तिथे दाबा ना’ म्हणायचं नाही, फक्त कुठे अडल्या ते टिपायचं. बहुतेक विद्यार्थी पहिल्या मिनिटातच तोंड उघडतात!