घर पाहताना मैदानही पाहा

नोकरी लागली, बदली झाली किंवा मुले वरच्या वर्गात गेली की घर शोधणे आलेच. मग आपण काय काय विचारतो? भाडे किती, नळाला पाणी किती वाजता येते, शाळा किती लांब, दवाखाना जवळ आहे का, शेजार कसा आहे. एक प्रश्न मात्र फार थोड्या घरांत विचारला जातो. इथे राहायला आलो तर खेळायला कुठे जायचे?

आपल्या सौसर तालुक्यातल्या बोरगावला हा प्रश्न चांगलाच लागू पडतो. इथे औद्योगिक क्षेत्र झाले, रेमंडचा कापड कारखाना आला आणि नोकरीसाठी बाहेरची माणसे येऊ लागली. अशा कुटुंबापुढे तीन वाटा असतात. बोरगावातच राहायचे, सौसरला बिऱ्हाड करायचे, की सीमा ओलांडून सावनेर-नागपूरकडे घर घ्यायचे? हिशेब होतो तो बसभाड्याचा आणि शाळेच्या फीचा. घरात एखादे खेळवेडे माणूस असेल, तर त्याच्या खेळाचा हिशेब शेवटी होतो किंवा होतच नाही.

तबकडीवेड्यांची रीत

अमेरिकेत ‘डिस्क गोल्फ’ नावाचा खेळ आहे. आपल्या मुलांची प्लास्टिकची फिरती तबकडी, म्हणजे फ्रिस्बी, तशीच पण जरा जड आणि धारेची. झाडाझुडपांतून, चढउतारावरून ती फेकत न्यायची आणि लोखंडी साखळ्या लावलेल्या खांबावरच्या टोपलीत टाकायची. कमीत कमी फेकींत जो सगळ्या टोपल्या पूर्ण करील तो जिंकला. या खेळाचे पहिले कायमचे मैदान १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात एड हेड्रिक यांनी आखले. आज जगात अशी दहा हजारांहून जास्त मैदाने आहेत आणि बहुतेक ठिकाणी खेळायला पैसे पडत नाहीत.

या खेळाचे शौकीन घर बदलताना आधी नकाशात मैदान शोधतात आणि मग घर. कॅन्सस राज्यातले एम्पोरिया हे गाव आपल्या पांढुर्ण्यापेक्षा लहान. पण गावात आणि आसपास या खेळाची मैदाने झाली, दरवर्षी मोठी स्पर्धा भरू लागली, २०१६ आणि २०२२ मध्ये जागतिक स्पर्धाही तिथेच झाली. खेळामुळे गावाचे नाव झाले आणि खेळासाठी माणसे गावात आली.

आपल्याला हे नवल वाटेल. तबकडीसाठी कुणी घर बदलते का? पण आपल्या मराठी घरांनीही हे केले आहे. खेळ तेवढा वेगळा.

शिवाजी पार्कजवळचे घर

सचिन तेंडुलकरचे घर वांद्र्याला, साहित्य सहवासात. क्रिकेटसाठी रमाकांत आचरेकर सरांनी शाळा बदलायला सांगितली आणि तो दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात आला. वांद्रे ते दादर हे अंतर तसे फार नाही. पण सकाळचा सराव, शाळा, संध्याकाळचा सराव आणि त्यात बसची धावपळ, यात मूल थकून जाई. शेवटी त्याला शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या काका-काकूंकडे ठेवायचे ठरले. तो काही वर्षे तिथेच राहिला.

सचिनची गुणवत्ता सगळ्यांच्या तोंडी आहे, काका-काकूंच्या घराची आठवण कमी निघते. घरापासून चालत जाता येईल असे मैदान मिळाले, म्हणून रोजचा सराव रोज झाला. आठवड्यातून एकदा मोठ्या मैदानावर जाण्यापेक्षा रोज जवळच्या मैदानावर जाणे खेळाला जास्त मानवते. हौशी माणसालाही हेच लागू आहे. कामावरून दमून आल्यावर दहा मिनिटांच्या अंतरावरचा खेळ होतो, तासाभराच्या अंतरावरचा रविवारवर जातो आणि पुढे तोही राहतो.

भोपाळ की नागपूर?

आपण सीमेवरची माणसे. त्यामुळे आपली निवड गावापुरती राहत नाही, राज्याचीही होते. शालेय स्पर्धांत मूल ज्या राज्यातल्या शाळेत शिकते, त्या राज्याकडून खेळते. क्रिकेटमध्ये मध्य प्रदेशची संघटना वेगळी आणि विदर्भाची वेगळी. कमी कुणीच नाही. विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये जिंकला, मध्य प्रदेशने २०२१-२२ मध्ये. म्हणजे सौसरला राहायचे की सावनेरला, यावर मुलाच्या अंगावर कोणता गणवेश चढणार हे ठरू शकते.

दोन्हीकडे रस्ते आहेत. मध्य प्रदेश सरकारने २००६ च्या सुमारास क्रीडा अकादमी सुरू करायला घेतल्या. हॉकीपटू विवेक सागर प्रसाद हा इटारसीजवळच्या चांदोन गावचा. आपल्या पांढुर्ण्यावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचेच हे इटारसी. तो भोपाळच्या अकादमीत गेला, तिथे राहून खेळला आणि टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात होता. महाराष्ट्रात क्रीडा प्रबोधिनीची निवासी योजना आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे त्या योजनेतून नाशिकला नेमबाजी शिकला आणि २०२४ मध्ये पॅरिसला त्याने कांस्यपदक जिंकले. जवळचे म्हणाल तर अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती.

मात्र सरकारी योजनांत रहिवासी दाखला विचारला जातो. घर हलवून झाल्यावर ‘तुम्ही या राज्याचे नाही’ असे ऐकावे लागू नये. म्हणून नियम आधी विचारावेत, सामान मग बांधावे.

घरात कोण काय सोडतो?

खेळासाठी घर हलवायचे म्हणजे एकाच्या खेळासाठी सगळ्यांनी हलायचे. बाबांना रोज लांबून कामावर यावे लागते. आईची नोकरी सुटते किंवा तिचा जमलेला शिवणाचा धंदा मोडतो. धाकट्या बहिणीच्या मैत्रिणी तुटतात. आजी-आजोबा मागे राहतात. मूल नातेवाइकांकडे ठेवले, तर त्या घरच्या काकूचे काम वाढते. हे सगळे मोजले पाहिजे, आणि ज्यांना सोसायचे आहे त्यांना विचारूनच मोजले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. मुलाच्या खेळासाठी घर बदलण्याचा विचार तरी होतो. मुलीच्या खेळाला ‘इथेच काय ते खेळ’ एवढेच उत्तर मिळते. तिच्यासाठी तर मैदान जवळ असणे अधिक गरजेचे. परतीच्या रस्त्यावर दिवे नसतील, तर तिचा खेळ बारा-तेराव्या वर्षीच संपतो.

घर पाहायला जाताना

घर पाहायला रविवारी सगळेच जातात. एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी सहाला जावे. मैदानावर कोण खेळते, मुली दिसतात का, शिकवणारा रोज येतो का, हे डोळ्यांनी पाहावे. पावसाळ्यात मैदानात पाणी साचते का, ते शेजाऱ्यांना विचारावे. मैदान शाळेचे असेल, तर शाळा सुटल्यावर फाटक उघडे राहते का, हेही विचारावे. विकत घर घेण्याआधी वर्षभर भाड्याने राहून पाहिले तर उत्तम. मुलांची आवड वर्षभरात पालटू शकते, कर्जाचा हप्ता पालटत नाही.

आणि घर हलवणे जमणारच नसेल तर? तेव्हा एम्पोरिया आठवावे. त्या गावाने बाहेरून मैदान आणले नाही, आपल्याच जमिनीवर आखले. तबकडीच्या खेळाला तर सपाट, हिरवे मैदानही लागत नाही. माळ, चार झाडे, थोडा चढउतार आणि खांबांवर टांगलेल्या टोपल्या एवढ्यावर तो सुरू होतो. कबड्डी आणि खो-खो यांना तर तेवढेही नको. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि जिल्ह्याचे ठिकाण आपल्या जवळ आले. ग्रामसभेत रस्ता आणि नाली मागतो, तशी मैदानाची जागाही मागावी. मोकळी आहे तोवर ती मागितलेली बरी. एकदा तिच्यावर बांधकाम झाले, की खेळणाऱ्या मुलांना गाव सोडण्यावाचून दुसरी वाट राहत नाही.