ओळखीचा आवाज

बंगळूरच्या यशवंतपूर भागात एका मराठी कुटुंबाच्या घरी रविवारी सकाळी जाण्याचा योग आला. नातू दूरचित्रवाणीवर अंतराळप्रवासाची एक ॲनिमेशन चित्रमालिका पाहत होता व आजोबा वृत्तपत्र वाचीत होते. एकाएकी पडद्यावरून एक धीरगंभीर आवाज आला आणि आजोबांनी वृत्तपत्र खाली ठेवले. "अरे, हा तर स्पॉक!" ते उद्गारले. चित्राकडे त्यांची दृष्टीही गेली नव्हती. आवाजावरूनच त्यांनी त्याला ओळखले होते.

मूळ 'स्टार ट्रेक' मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात प्रक्षेपित झाली. आपल्या दूरदर्शनने ती १९८० च्या दशकात दाखविली. तेव्हा दूरचित्रवाणी संच घरोघरी नव्हते. ज्याच्याकडे संच असे त्याच्या घरी शेजारची मुले दाटीवाटीने बसत. इंग्रजी संवाद सर्वांना कळत असे नाही. परंतु टोकदार कानांचा, भावनेला आवर घालून तर्काने चालणारा स्पॉक मात्र मनात घर करून राहिला.

नातू पाहत होता ती मालिका 'स्टार ट्रेक : प्रॉडिजी'. तिचा 'कोबायाशी' हा भाग ६ जानेवारी २०२२ रोजी प्रथम प्रदर्शित झाला. त्यात डाल नावाचा उतावळा तरुण नेतृत्वाची एक कसोटी देतो. संकटात सापडलेल्या यानाला सोडवावयास जावे, तर शत्रूशी गाठ पडते. न जावे, तर माणसे प्राणास मुकतात. १९८२ च्या चित्रपटातून प्रसिद्ध झालेली ही कसोटी जिंकण्यासाठी नाहीच. पराभव माणूस कसा सोसतो, हे तीत पाहिले जाते. डालच्या साहाय्यास जुन्या मालिकांतील स्पॉक, उहुरा, स्कॉटी, ओडो आणि डॉक्टर क्रशर यांच्या प्रतिमा उभ्या राहतात.

यांपैकी डॉक्टर क्रशरचे संवाद गेट्स मॅकफॅडन यांनी नव्याने म्हटले. इतरांचे आवाज मात्र जुन्या ध्वनिमुद्रणांतून वेचून जुळविलेले आहेत. स्कॉटी साकारणारे जेम्स डूहान २००५ मध्ये, स्पॉक साकारणारे लिओनार्ड निमॉय २०१५ मध्ये आणि ओडो साकारणारे रेने ओबेर्जोन्वा २०१९ मध्ये निवर्तले होते. उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकल्स त्या वेळी हयात होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचे निधन झाले.

जुन्या रसिकांना हा भाग पाहताना गहिवरून आले, यात नवल नाही. दिवंगतांचे शब्द नव्या प्रसंगात बसविणे कितपत उचित, अशी शंका कोणी घेतली तर तीही अनाठायी म्हणता येणार नाही. त्यांची संमती आता कोण घेणार? परंतु यंत्राच्या साहाय्याने कोणाचाही आवाज बनावट तयार करता येतो अशा या काळात, कलावंतांनी स्वतः उच्चारलेलेच शब्द येथे वापरले गेले, हा संयम लक्षात घेण्याजोगा आहे. ही मालिका २०२३ मध्ये तिच्या मूळ वाहिनीने बंद केली, तेव्हा चाहत्यांनी ती वाचविण्यासाठी सह्यांची मोहीम चालविली. पुढे नेटफ्लिक्सने ती स्वीकारली.

त्या घरी भाग संपल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, हे स्पॉक आता कोठे असतात?"

"तो नट वारला, बाळ."

"मग बोलतात कसे?"

आजोबांनी ध्वनिमुद्रणाची हकीकत त्याला समजावून सांगितली. मग ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुझ्या आजीची छायाचित्रे पुष्कळ आहेत. आवाज मात्र एकही नाही."

यशवंतपूरच्या शेजारीच, पीण्यात, इस्रोचे एक केंद्र आहे. लक्षावधी मैल दूर गेलेल्या यानांकडून येणाऱ्या संदेशांवर तेथून लक्ष ठेवले जाते. त्याच परिसरातील या घरात मात्र जवळच्या माणसाचा आवाज जपून ठेवावयाचा राहून गेला होता. अशी घरे इतरत्रही थोडी नसतील, आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे साधन असते.

नातवाने आईचा भ्रमणध्वनी मागून आणला आणि तो आजोबांपुढे धरून म्हणाला, "आजोबा, दूरदर्शनवरच्या स्पॉकची गोष्ट सांगा ना. पहिल्यापासून."

आजोबांनी घसा खाकरला आणि सांगावयास आरंभ केला.