सीएसव्हीतली मराठी का बिघडते?
पायथॉनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग दिलं नाही, तर आजवर बहुतेक आवृत्त्या ते संगणकाच्या सेटिंगवरून ठरवत आल्या आहेत. विंडोजवर ते बहुधा जुनं कोड पेज निघतं आणि गावांच्या नावांची यादी अगम्य चिन्हांनी भरते. कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं म्हणून मोजली जातात. ‘मराठी’ म्हणजे ५ चिन्हं, १५ बाइट. चुकीचं कोड पेज यातला एकेक बाइट सुटं अक्षर समजतं. म्हणून मजकुराची फाइल ‘ओपन’ने उघडताना एन्कोडिंग लिहायचंच. फाइल एक्सेलमध्ये जाणार असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. सुरुवातीला पडणाऱ्या ३ बाइटच्या खुणेवरून एक्सेल एन्कोडिंग ओळखतं.

हीच मराठी जेसनमध्ये लिहिताना ‘एन्शुअर अ‍ॅस्की’ फॉल्स ठेवा, नाहीतर अक्षरांऐवजी नुसते संकेतांक दिसतात.

सीएसव्हीची आणखी एक अडचण: तिच्यात आकडा आणि मजकूर हा भेद नोंदलेलाच नसतो. त्यामुळे पायथॉनची पांडाज लायब्ररी पुण्याचा एसटीडी कोड ०२० वाचते आणि २० करून ठेवते, तेही कुठलीच सूचना न देता. असा रकाना ‘डीटाइप’ देऊन मजकूर म्हणूनच वाचावा.