शेवटचा आकडा

सोलापूर हे यंत्रमागांचे आणि विडी कामगारांचे शहर आहे. येथील अनेक कष्टकरी कुटुंबे वर्षानुवर्षे भाड्याच्या लहान खोल्यांत राहत आली आहेत. शहराजवळ कुंभारी येथे अशा कामगारांसाठी रे नगर ही वसाहत उभी राहिली, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी तेथील १५,००० घरे त्यांना देण्यात आली. स्वतःच्या घरात जाण्याचा आनंद मोठा खरा. परंतु जुने घर सोडताना विजेचा हिशेबही पुरा करावा लागतो.

वीज युनिटांत मोजतात. १०० वॅटचा दिवा १० तास जळला, म्हणजे १ युनिट वीज खर्च होते. मीटरवरील आकडा हा आजवर वापरलेल्या युनिटांची बेरीज असतो. त्यातून मागील आकडा वजा केला, की मधल्या काळातील वापर कळतो. घराला कुलूप असले, तर सरासरी वापर धरून अंदाजी बिल देतात. पुढे खरा आकडा मिळाला, म्हणजे तो अंदाज सुधारून दुरुस्त बिल येते.

समजा, एका कुटुंबाच्या नावावरील मीटरचा आकडा ४,००० होता. पुढील तीन महिने दरमहा ६० प्रमाणे १८० युनिटांचे अंदाजी बिल आले व कुटुंबाने ते भरले. घर सोडण्याच्या दिवशी आकडा ४,२६० होता. तो लिहून कुटुंबाने जोडणी बंद करण्याचा अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. मग त्या घरात दुसरे बिऱ्हाड आले. काही आठवड्यांनी मीटर पाहिले, तेव्हा आकडा ४,५१० झाला होता, आणि दुरुस्त बिलात पहिल्या कुटुंबाकडे ३३० युनिटांचे पैसे मागितले गेले.

येथे न्याय कोणता? कुटुंबाने एकूण २६० युनिटे वापरली व १८० युनिटांचे पैसे भरले. म्हणून उरलेल्या ८० युनिटांचे पैसे देणे हे त्याचे कर्तव्य आहे. घर सोडले म्हणून ते देणे चुकत नाही. परंतु पुढील २५० युनिटे त्याने वापरलेलीच नाहीत. त्यांचे पैसे नाकारणे हा त्याचा हक्क आहे. शेवटचा आकडा आणि अर्जाची पोच, हे दोन कागद त्या हक्काचे साक्षीदार होत.

अशा वेळी प्रथम वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. तेथे समाधान न झाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते. ही व्यवस्था २००३ च्या विद्युत कायद्यानेच केली आहे. वीजजोडणीच्या वेळी भरलेली सुरक्षा ठेव परत मागण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. अंतिम हिशेब होताना तिचाही विचार व्हावा लागतो.

बिल मोठे दिसले म्हणून घाबरून ते भरू नये, आणि रागाने फाडूनही टाकू नये. आधी आकडे तपासावेत. जेवढे वापरले तेवढे मुकाट्याने द्यावे. जे वापरले नाही, त्यासाठी नम्रपणे, परंतु ठामपणे दाद मागावी. सुजाण नागरिक हक्क आणि कर्तव्य यांचा हिशेब एकाच वहीत ठेवतो.