स्वर छापणारा गवई

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. नामदेवांचे अभंग छापील गाथेत वाचावयास मिळतात. परंतु गाथा उघडून अभंगाची चाल कळेल काय? ती ऐकूनच शिकावी लागते.

रागसंगीताचीही हीच अडचण होती. चिजा गवयाच्या कंठात असत; तो गेला, की त्याही गेल्या. शिवाय पुष्कळ गवई विद्या हातची राखून देत.

ही कोंडी फोडण्यास पंडित विष्णु दिगंबर पलुसकर पुढे सरसावले. त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांचे डोळे अधू झाले आणि शाळा सुटली. तेव्हा ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकू लागले. बाळकृष्णबुवांनीही पूर्वी मुंबईत 'संगीतदर्पण' नावाचे मासिक काही काळ चालविले होते. गाणे डोळ्यांनी वाचता यावे म्हणून पुढे जन्मभर झटावे, तेही डोळ्यांनी अधू असलेल्या मुलाने, हे नवलच नव्हे काय?

५ मे १९०१ रोजी विष्णुबुवांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. तेथे कोणालाही शुल्क भरून गाणे शिकता येई. विद्यार्थी वाढले, तशी पुस्तकांची गरज भासू लागली. बुवांनी स्वतःची स्वरलिपी रचली. मुलांनो, तिची युक्ती सोपी आहे. खालच्या, म्हणजे मंद्र सप्तकातील स्वराच्या डोक्यावर टिंब. वरच्या, म्हणजे तार सप्तकातील स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. आणि कोमल स्वराच्या पायाशी हलन्ताची खूण. पण नेहमीच्या छापखान्यात असे खिळे कोठून असणार? म्हणून बुवांनी विद्यालयाचा छापखानाच घातला. पुस्तके निघू लागली, 'संगीतामृतप्रवाह' हे मासिकही निघाले. गवयाने संपादक आणि प्रकाशक व्हावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

१९०८ साली विद्यालय मुंबईस आले. तेथे कर्ज काढून मोठी इमारत बांधली. ते कर्ज फिटले नाही आणि १९२४ च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस बुवांचे निधन झाले.

त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. मंडळाने पुढे 'संगीत कला विहार' हे मासिक काढले, आणि बुवांचे शिष्य बा. र. देवधर यांनी त्याचे संपादन केले.