आग विझल्यावर लघवीत काय सापडतं?

दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत सॉल्व्हंटच्या पिंपांनी पेट घेतला, किंवा शिरूरच्या रांजणगावात एखाद्या गोदामातला थर्माकोल आणि फोम भडकला, की बंब धावतात. फायरमनच्या अंगावर जाड सूट, डोक्यावर हेल्मेट, तोंडावर मास्क आणि पाठीवर हवेचं सिलिंडर. सिलिंडर आणि मास्क मिळून होतो तो ‘बीए सेट’. तो घट्ट बसला असेल तर धूर छातीत जायला वाटच उरत नाही. तरीही काही तासांनी त्याच माणसाची लघवी तपासली, तर तिच्यात धुरातल्या रसायनांच्या खुणा वाढलेल्या दिसतात! श्वास तर सिलिंडरमधल्या हवेचा घेतला होता. मग धूर शिरला कुठून?

कातडीतून! अमेरिकेतल्या संशोधकांनी मुद्दाम आगी लावून त्या फायरमनकडून विझवून घेतल्या आणि नंतर त्यांचं अंग ओल्या फडक्याने टिपून ती फडकी प्रयोगशाळेत तपासली. सर्वाधिक काजळी सापडली मानेवर. हेल्मेट आणि कॉलर यांच्यामधल्या पट्टीत फक्त एक विणलेलं कापड असतं, त्यातून धूर आरामात झिरपतो. शिवाय मानेची कातडी पातळ. आगीजवळ ती तापते, घामाने भिजते, तिच्यातलं रक्त जोरात वाहू लागतं आणि तेलकट रसायनांना दार सताड उघडं मिळतं.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात थक्क करते. काजळीत बेन्झोपायरीन नावाचा रेणू असतो, कार्बनच्या २० अणूंची एकमेकांना चिकटलेली पाच कडी. आहे त्या रूपात तो तसा निरुपद्रवीच. पण तुपाची कढई नुसत्या पाण्याने कधी निघाली आहे का? शरीराची अडचण तीच. हा तेलकट ऐवज लघवीवाटे बाहेर काढायचा, तर आधी तो पाण्यात विरघळेल असा करावा लागतो. म्हणून यकृतातली, अगदी कातडीतलीसुद्धा एन्झाइमं त्याला ऑक्सिजनचे अणू जोडत सुटतात. बरेचसे रेणू असे धुऊन निघतात. काही मात्र मधल्याच पायरीवर इतके चिकट होतात, की थेट डीएनएतल्या ग्वानिनला जाऊन बिलगतात. खरं विष शरीराने सफाई करता करता स्वतःच घडवलेलं असतं!

या एका रेणूपर्यंत पोचायला माणसाला दीडशेहून जास्त वर्षं लागली. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनने धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग हेरला आणि बोट काजळीकडे दाखवलं. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने कोल टार फासून कर्करोग घडवून दाखवला. आणि १९३३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी दोन टन डांबर गाळत गाळत शेवटी काही ग्रॅम पिवळे स्फटिक हाती घेतले. तेच बेन्झोपायरीन.

आता मूत्राशयाकडे वळू. मूत्रपिंडांनी गाळलेली ही घाण तिथे साठते. कॉलवर गेलेल्या माणसाला पाणी प्यायलाही सवड नसते, घाम धो धो गेलेला असतो, लघवी दाट होते आणि तासन् तास आतल्या अस्तराला लागून राहते. २०२२ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या लिऑन इथे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फायरमनचं काम ‘माणसात कर्करोग घडवणारं’ अशा पहिल्या गटात टाकलं. पुरावा पक्का ठरला दोन कर्करोगांबाबत: मूत्राशयाचा आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा. पहिल्याचं प्रमाण फायरमनमध्ये सुमारे १६ टक्क्यांनी जास्त निघालं, दुसऱ्याचं ५८ टक्क्यांनी.

मग तपासणीत शोधायचं काय? लघवीतल्या हायड्रॉक्सीपायरीन या काजळीच्या खुणेवरून नुकत्याच विझवलेल्या आगीतून किती काजळी आत गेली ते कळतं. कर्करोग आहे का, हे त्यावरून अजिबात कळत नाही. त्यासाठी पेशी पाहाव्या लागतात. मूत्राशयाचं अस्तर सतत थोड्या थोड्या पेशी टाकत असतं. १९४५ साली पापानिकोलाऊ आणि मार्शल यांनी त्या काचपट्टीवर घेऊन रंगवल्या. निरोगी पेशीचं केंद्रक छोटं, गोल, आटोपशीर. बिघडलेल्या पेशीत ते फुगलेलं, काळपट, कडा वेड्यावाकड्या, जवळजवळ सगळी पेशी व्यापून बसलेलं. न चिरता, न टोचता मूत्राशयाच्या आतली बातमी बाहेर येते! त्याआधीची साधी खूण म्हणजे रक्त. डोळ्यांना लघवी स्वच्छ दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली एका दृश्यात तीन किंवा जास्त तांबड्या पेशी दिसल्या, की पुढे तपास करायचा. रक्त मुतखड्यानेही जातं, जंतुसंसर्गानेही जातं. पण दुखत नाही म्हणून सोडून द्यायचं, हे सर्वांत धोक्याचं. मूत्राशयाच्या कर्करोगात बहुतेकदा रक्त जातं ते दुखल्याशिवायच.

चाचणी आहे म्हणून ती सरसकट सगळ्यांची करावी का? हा प्रश्न सोडवायचा कसा, याचा जगाला दाखला दिला तो आपल्याच भागाने. दौंडहून सोलापूरच्या गाडीने निघून कुर्डुवाडीला उतरलं, की बार्शी जवळच. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथे सुरू झाली. तिथल्याच मंडळींच्या साथीने शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्या ताडून पाहिल्या गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले! निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. फायरमनच्या लघवीच्या चाचणीला अजून अशा कसोटीतून जायचं आहे. धोका जास्त असलेल्यांपासून सुरुवात करणं मात्र आजही शहाणपणाचं आहे, असं मला वाटतं.

मेसोथेलिओमाला तर लवकर पकडणारी खात्रीची चाचणीच नाही. शेडवरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आगीत फटाफट फुटतात, डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात. ज्वाळा विझल्यावर ‘कूलिंग’, म्हणजे जागा गार करणं, सुरू होतं, तेव्हा थकलेला माणूस मास्क काढतो आणि तंतू आत जातात. तिथे ते तीस-चाळीस वर्षं गप्प बसतात. बाविशीत ओढलेला श्वास साठीत उगवतो, पेन्शन सुरू झाल्यावर!

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात ४१-सी कलम आलं. घातक रसायन हाताळणाऱ्याची तपासणी कामाला लावण्याआधी करायची, काम चालू असताना करायची आणि काम सुटल्यावरही, निदान वर्षातून एकदा. ‘सुटल्यावरही’! त्याच रसायनाची आग विझवणाऱ्याला हेच मिळायला हवं. त्याच्या कार्डावर कोणत्या कॉलला काय जळत होतं, कूलिंगला तो किती वेळ होता आणि मास्क तोंडावर होता का, हे त्याच रात्री लिहून ठेवलं, तर तीस वर्षांनी डॉक्टरला कुठे पाहायचं ते कळेल. आणि तोवर स्टेशनवर परतल्या परतल्या मान साबणाने धुवायची, आणि सूटही. साबण, पाणी आणि ब्रश एवढ्यावरच सूटवरची ही काजळी मध्यमानाने ८५ टक्के उतरल्याचं त्या अमेरिकन संशोधकांनी मोजलं आहे.