मानेतली गाठ, विषाणू आणि वर्गातला बाक



मागच्या पालकसभेनंतर एक आई मागे थांबल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, माझ्या मुलाचा बाक बदलाल का? शेजारच्या मुलाचा कॅन्सर व्हायरसमुळे झालाय म्हणे." शेजारचा मुलगा म्हणजे लिम्फोमाचे उपचार पूर्ण करून कित्येक महिन्यांनी वर्गात परतलेला आमचा विद्यार्थी. मी डी.एड. झालेली बाई, डॉक्टर नाही. "असं काही नसतं हो," एवढंच बोलले, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. मग नीट वाचलं, विचारलं, समजून घेतलं. ते तुमच्यापुढे ठेवते.

उलव्यात राहणाऱ्यांना 'नोड' हा शब्द नवा नाही. सिडकोने वाशी, नेरूळ, खारघर, उलवे अशा वसाहती वसवल्या, त्यांना नोड म्हटलं. शरीरातही असे नोड आहेत. रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिका नावाच्या पाणीदार द्रवाच्या बारीक वाहिन्या अंगभर पसरलेल्या असतात आणि त्यांच्या वाटेवर घेवड्याच्या दाण्यासारख्या छोट्या गाठी असतात. त्या लसिका ग्रंथी, म्हणजेच लिम्फ नोड. अंगात अशा साधारण ५०० ते ७०० असतात. मान, काख आणि जांघ इथल्या हाताला लागू शकतात. ही जणू पोलीस ठाणी, आणि लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तिथले शिपाई. पायात काटा रुतला की जांघेत अवधाण येतं, हे आपल्या आजीला पुस्तकाशिवाय माहीत होतं. घसा बसला की मुलाच्या मानेत गाठ लागते तीही त्यातलीच. मुलांच्या मानेतल्या बहुतेक गाठी अशाच असतात आणि आपोआप उतरतात.

लिम्फोमा म्हणजे यातलीच एखादी पेशी बिघडून अनावर वाढत जाणं. आता यात विषाणू कुठून आला?

डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन युगांडात काम करत होते. तिथल्या मुलांच्या जबड्यात भराभर वाढणाऱ्या गाठी त्यांना दिसल्या आणि १९५८ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. १९६१ मध्ये लंडनमध्ये त्यांचं भाषण झालं, श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन होते. यामागे विषाणू असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. गाठींचे नमुने विमानाने लंडनला येऊ लागले. दोन-अडीच वर्षं हाती काही लागेना. १९६३ च्या डिसेंबरात धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवलं गेलं आणि नमुना उशिरा, गढूळ होऊन पोचला. जिवाणू शिरले असं समजून तो फेकूनच द्यायचा, पण एपस्टाइननी आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. गढूळपणा सुट्या तरंगणाऱ्या जिवंत गाठीच्या पेशींचा होता! त्या पेशी वाढवल्या आणि १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत विषाणू दिसला. एपस्टाइन आणि त्यांच्या सहकारी यव्होन बार यांच्यावरून त्याला एपस्टाइन-बार विषाणू, थोडक्यात ईबीव्ही, म्हणतात. (विज्ञानाच्या तासाला ही गोष्ट जरूर सांगा, मुलं कान टवकारून ऐकतात.)

त्या आईंसाठी मुख्य मुद्दा पुढे आहे. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात हा विषाणू आहे. तुमच्या, माझ्याही असणार. तो लाळेतून पसरतो. आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच, साध्या सर्दी-तापासारखा किंवा काहीच न जाणवता होऊन जातो आणि मग 'बी' प्रकारच्या लिम्फोसाइटमध्ये आयुष्यभर गप्प बसून राहतो. त्याच्याकडे पेशीला 'वाढ, वाढ' असं सांगणारी प्रथिनं आहेत, पण 'टी' पेशी त्याला आवरून धरतात. एचआयव्ही झाला किंवा अवयवरोपणानंतरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबली, तर हा पहारा ढिला पडतो. पेशीच्या जनुकांत योगायोगाने बिघाड होतो तो वेगळाच. अशा अनेक गोष्टी एकत्र जुळल्या तरच लिम्फोमा होतो. म्हणून विषाणू घरोघरी आणि हा आजार मात्र विरळा.

या आजाराचे प्रकार बरेच आहेत. एका अतिदुर्मिळ प्रकारात ईबीव्ही 'बी' पेशी सोडून 'टी' किंवा 'एनके' पेशींत सापडतो आणि आजार मुख्यतः लसिका ग्रंथींतच सुरू होतो. तो बहुधा वयस्क माणसांत, जास्त करून पूर्व आशियात दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र नाव मिळालं. एचटीएलव्ही-१ हा वेगळा विषाणू जपानच्या नैर्ऋत्य भागात 'टी' पेशींचा लिम्फोमा घडवतो. आपल्या मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो हॉजकिन लिम्फोमा. भारतातल्या मुलांच्या हॉजकिनच्या गाठींत बहुतेक वेळा ईबीव्ही आढळतो, पाश्चात्त्य देशांत तो बराच कमी आढळतो. आणि वेळेवर, पूर्ण उपचार झाले तर यातली बहुतेक मुलं बरी होतात.

'वेळेवर' या शब्दाशीच आपलं घोडं अडतं. मानेत गाठ, बारीक ताप, वजन घटणं ही लक्षणं क्षयरोगाचीही आहेत, आणि आपल्याकडे ग्रंथींचा क्षय पुष्कळ दिसतो. तपासणी न करताच क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि काही महिने हातचे जातात. म्हणून गाठ चार ते सहा आठवड्यांत उतरली नाही, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, न दुखता रबरासारखी टणक लागली, किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर आली, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "बायोप्सी करायची का?" सुईने काढलेल्या थोड्या पेशी लिम्फोमासाठी पुष्कळदा पुरत नाहीत, अख्खी गाठ काढून तपासावी लागते. त्याआधी स्टेरॉइड दिलं तर गाठ तात्पुरती विरघळते आणि निदान हुकतं. आणखी एक, रक्तात ईबीव्हीच्या अँटिबॉडी सापडल्या म्हणून घाबरू नका, त्या जवळपास सगळ्यांतच सापडतात. विषाणू गाठीच्या पेशींतच आहे का, हे बायोप्सीच्या तुकड्यावरच्या खास चाचणीतून कळतं.

आपण उलवेकर एका बाबतीत नशीबवान. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासूनचं. त्याच टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक हे केंद्र आपल्या शेजारी, खारघरच्या सेक्टर २२ मध्ये आहे. खर्चाची धास्ती वाटत असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

त्या आईंना मी पुन्हा बोलावलं. सांगितलं, ताई, तो विषाणू तुमच्या मुलाला बहुतेक आधीच होऊन गेलाय. आणि कॅन्सर एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात नाही, डबा वाटून खाल्ला तरी नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "बाक राहू दे तसाच."

खरं तर धोका उलट्या दिशेने आहे. केमोथेरपीनंतर काही महिने त्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी असते. इतर मुलांना ज्या कांजिण्या खाजवून बऱ्या होतात, त्या त्याला रुग्णालयात पोचवू शकतात. म्हणून मी सगळ्या पालकांना वहीत लिहून पाठवलंय, की घरात कांजिण्या किंवा गोवर निघाला तर शाळेला त्याच दिवशी कळवा, लपवू नका. असा फोन आला की माझा पुढचा फोन त्या मुलाच्या आईला जातो.